बढती, वाढ आणि कामातलं मन : ठाणे-नवी मुंबईतल्या कंपन्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटपासून तुर्भे-महाप्यापर्यंतचे कारखाने आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारती, दोन्हीकडे मनुष्यबळाचं काम करताना हेच प्रश्न फिरून फिरून समोर येतात. काही मालकांचे आहेत, काही एचआरवाल्यांचे, काही थेट नोकरदारांचे. त्यामुळे खाली कुठे 'तुम्ही' म्हणजे मालक आहे, तर कुठे 'तुम्ही' म्हणजे कर्मचारी. प्रश्नावरून कळेलच.

एंगेजमेंट म्हणजे माणसं खूश असणं का?

नाही. एंगेजमेंट म्हणजे कामात मनापासून गुंतलेलं असणं. कंपनीची बस घराजवळ थांबते, कॅन्टीनचं जेवण बरं असतं, साहेब ओरडत नाहीत, म्हणून एखादा वर्षानुवर्षं सुखाने पाट्या टाकत राहतो. तो समाधानी आहे, पण कामात गुंतलेला नाही. उलट 'हा लॉट पाठवू नका, परत येईल' म्हणून डिस्पॅचवाल्यांशी हुज्जत घालणारा क्यूसीचा, म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा, केमिस्ट बऱ्याचदा कंपनीत सगळ्यांत जास्त गुंतलेला असतो. त्याची तक्रार घेऊन मालकाकडे येणाऱ्यांना हे पटत नाही, तो भाग वेगळा.

या कल्पनेला अभ्यासाचं रूप दिलं संशोधक विल्यम कान यांनी, १९९० मध्ये. एका उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका आर्किटेक्ट फर्ममधली माणसं यांचं काम जवळून पाहून त्यांनी तीन अटी मांडल्या : कामाला काही अर्थ आहे असं वाटणं, मनातलं बोललो तर अंगाशी येणार नाही याची खात्री, आणि काम जीव लावून करण्याइतकं त्राण अंगात उरलेलं असणं. तिसरी अट आपल्याकडे हमखास विसरली जाते. तिच्याकडे प्रवासाच्या प्रश्नात येऊ.

चांगला पगार दिला तर हे सगळं लागतं कशाला?

पगार बाजारभावापेक्षा कमी असेल तर आधी तो नीट करा, मग पुढचं वाचा. घणसोलीत वन आरकेचं भाडं देऊन महिनाअखेरीला उसनवारी करणाऱ्या माणसाला करिअरच्या गप्पा ऐकवणं ही थट्टा आहे.

पगार रास्त झाला की मात्र चित्र बदलतं. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून १९५९ मध्ये जे मांडलं, त्याचा गाभा असा : पगार, नियम, देखरेख या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो झपाटून कामाला लागत नाही. झपाटून लावतात त्या गोष्टी वेगळ्या : प्रत्यक्ष काम, त्यातलं यश, कौतुक, जबाबदारी, पुढे जाण्याची संधी. या सिद्धांतावर टीकाही भरपूर झाली. चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की दोष कंपनीला, असं सांगण्याची माणसाची सवयच असते, हा त्यातला एक रास्त आक्षेप. तरीही इन्क्रिमेंटच्या पत्राचा आनंद किती दिवस टिकतो, हे कुठल्याही पगारपत्रक करणाऱ्याला विचारा.

करिअर डेव्हलपमेंट म्हणजे ट्रेनिंगच ना? ते आम्ही दर वर्षी करतो.

इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

चित्र ओळखीचं आहे. वाशीच्या एका हॉटेलातला हॉल, शनिवार सकाळ. बाहेरून आलेले ट्रेनर, पडद्यावर हिमनगाचं चित्र, मध्ये टाळ्या वाजवायचा खेळ, दुपारी पनीर आणि गुलाबजाम, संध्याकाळी सर्टिफिकेट हातात घेऊन ग्रुप फोटो. सोमवारी माणूस पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच एक्सेल शीटसमोर. शनिवारी शिकलेल्यातलं काहीही वापरायची वेळ त्याच्यावर वर्षभर येत नाही. पुढच्या वर्षी तोच हॉल, नवीन हिमनग.

याने एंगेजमेंट वाढत तर नाहीच, कधीकधी घटते. 'शनिवारची सुट्टी खाल्ली' हे पहिलं कारण. दुसरं जास्त खोल आहे : शिकवून झाल्यावरही कामात काडीचा बदल झाला नाही, म्हणजे कंपनीला आपल्याकडून काही वेगळं नकोच आहे, हे माणसाला लख्ख कळतं. शिकवलंच नसतं तर त्याने कंपनीला निदान शंकेचा फायदा दिला असता.

वाढ व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात. पुढची पायरी कोणती, हे माणसाला दिसलं पाहिजे. त्या पायरीचं काम थोडंथोडं आजच करून बघायला मिळालं पाहिजे. आणि 'तू अजून कुठे कमी पडतोस' हे तोंडावर सांगणारा कुणीतरी हवा. ट्रेनिंग या तिन्हींना मदत करतं, त्यांची जागा घेत नाही. स्टोअर्समधल्या असिस्टंटला खरेदीच्या माणसाबरोबर महिन्यातून एकदा व्हेंडरकडे पाठवलं, दरांची बोलणी ऐकू दिली, एक छोटी ऑर्डर त्याच्या हातून जाऊ दिली, तर त्याचा खर्च रिक्षाभाड्याएवढा येतो.

पण याचा एंगेजमेंटवर परिणाम होतो तो नेमका कसा?

गॅलप या संस्थेच्या एंगेजमेंट मोजणाऱ्या प्रश्नावलीत बारा विधानं आहेत. त्यांतली तीन थेट वाढीबद्दलची आहेत : कामाच्या ठिकाणी माझ्या प्रगतीला उत्तेजन देणारं कुणी आहे का, गेल्या सहा महिन्यांत माझ्या प्रगतीविषयी कुणी माझ्याशी बोललं का, आणि गेल्या वर्षभरात मला शिकायला-वाढायला संधी मिळाली का. बारापैकी तीन म्हणजे पाव हिस्सा. त्यातल्या दोन विधानांत 'कुणीतरी' आहे, 'कुठलातरी कोर्स' नाही, याकडे लक्ष द्या.

कारखान्यात हा परिणाम कसा दिसतो ते सांगते. रबाळ्यातल्या एका युनिटमधला मेंटेनन्सचा फिटर. पंपाचा आवाज जरा वेगळा येतोय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं; बेअरिंग जायला लागलंय. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. आत्ताच सुपरवायझरला सांगितलं तर पंप बंद ठेवायचा निर्णय, प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या आणि त्याचा स्वतःचा ओव्हरटाइम. गप्प बसला तर दोन दिवसांनी पंप आपोआप बसेल आणि दोष कुणाचाच नसेल. ज्याला दोन वर्षांनी आपण इथे मेंटेनन्स सुपरवायझर असू असं वाटतं, तो बोलतो, कारण तो पंप उद्या त्याच्याच गळ्यात येणार आहे. ज्याला आपण आणखी दहा वर्षं फिटरच राहणार हे पक्कं माहीत आहे, तो पाना पुसून डब्याला बसतो. त्याला आळशी म्हणायचं कारण नाही, त्याने फक्त हिशेब केला आहे.

एक सावधगिरी. ज्या कंपन्या माणसं वाढवतात तिथे एंगेजमेंट जास्त दिसते, हे खरं. पण उलटही घडतं : मुळात उत्साही असलेली माणसंच शिकायच्या संधी शोधतात आणि मिळवतात. त्यामुळे 'कोर्स केलेल्यांचा स्कोअर जास्त आला' असं एचआरने दाखवलं की लगेच टाळ्या वाजवू नका. कोर्सला गेलं कोण होतं, ते आधी विचारा.

आमच्याकडे चाळीस माणसं. वर जागाच नाहीत, तर बढती कुठून देणार?

टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या बहुतेक लहान कारखान्यांचं दुखणं हेच आहे. एक मॅनेजर, दोन सुपरवायझर, बाकी ऑपरेटर आणि हेल्पर. मॅनेजर पंचेचाळीसचा आणि तब्येतीने ठणठणीत. वर जागा होणार कशी?

यावर निघालेला सोपा आणि वाईट उपाय म्हणजे पदनामं वाटणं. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर', हाताखाली चिटपाखरू नाही, पगारात दोन हजारांचा फरक. वर्षभर नातेवाइकांत मिरवता येतं. नंतर तो माणूस दुसरीकडे मुलाखतीला जातो, 'तुमच्या टीममध्ये किती जण?' या प्रश्नावर गडबडतो, आणि तुमच्यावरचा राग घेऊन परत येतो.

चांगला उपाय म्हणजे बढतीऐवजी कौशल्याच्या पायऱ्या बांधणं. शॉप फ्लोअरवर स्किल मॅट्रिक्स लावतात तो तक्ता बऱ्याच ठिकाणी भिंतीवर असतोच, बहुधा ऑडिटरला दाखवण्यापुरता. डाव्या बाजूला नावं, वर मशिनं किंवा कामं, प्रत्येक चौकोनात चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे काम माहीत आहे, दोन म्हणजे कुणी लक्ष ठेवलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हा तक्ता पगाराला जोडा. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्तुळामागे ठरावीक भत्ता, लहान का असेना. पाच मशिनांवर पूर्ण वर्तुळ असलेला ऑपरेटर एका मशिनवाल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त कमावतो, आणि गणपतीत निम्मी लाइन गावी गेली की कंपनी त्याच्याच जिवावर चालते. त्याला वर जागा मिळाली नाही, तरी तो होता तिथे राहिलेला नाही.

हे करताना एक पथ्य पाळा : वर्तुळ एकट्या सुपरवायझरने भरायचं नाही. नाहीतर सहा महिन्यांत तक्त्यावर कौशल्याऐवजी लागेबांधे दिसायला लागतात. दुसऱ्या विभागातल्या माणसाने काम बघून सही करायची.

आणि बढती खरंच नसेल तर तसं सांगा. 'बघू, पुढच्या वर्षी करू' हे वाक्य मालकांना सौम्य वाटतं. ऐकणारा ते तारीख लावून लक्षात ठेवतो. माझ्या मते खोटी आशा हे आपल्या भागातल्या मधल्या फळीच्या निरुत्साहाचं सगळ्यांत मोठं कारण आहे, पगारापेक्षाही मोठं.

शिकवलं की माणूस सोडून जातो. मग शिकवायचं कशाला?

भीती खोटी नाही. ऐरोलीत एका कंपनीच्या गेटवरून दुसरीचं गेट दिसतं. नोकरी बदलली तरी स्टेशन बदलत नाही. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, उरणकडे जेएनपीए बंदर आहेच. गोदाम, कार्गो, सुरक्षा, देखभाल या कामांतल्या अनुभवी माणसांना मागणी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात यात एक उपयोगी फरक केला. काही कौशल्यं कुठेही चालतात, काही फक्त याच कंपनीत. कुठेही चालणारं शिकवून पगार तोच ठेवलात, तर माणूस जाणार. शिकवण्याचा खर्च तुमचा, फायदा शेजाऱ्याचा. म्हणजे चूक शिकवण्यात नव्हती. शिकल्यानंतर त्याचं काम आणि दाम दोन्ही जुनंच ठेवलं, तिथे घोडं अडलं. सोडून गेलेल्यांपैकी कितीजण नवीन शिकलेलं काम तुमच्याकडे प्रत्यक्ष करत होते, ते एकदा तपासा.

न शिकवण्याचाही खर्च असतो. तो कुठल्या बिलात दिसत नाही, एवढंच.

ट्रेनिंगचा बाँड लिहून घ्यावा का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार माणसाला व्यवसाय-धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. त्यामुळे 'सोडून गेल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही' हे कलम नोकरीनंतर सहसा टिकत नाही. ठरावीक काळ काम करा, नाहीतर नुकसानभरपाई द्या, असा बाँड मात्र वेगळा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरीची आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. ती बँक होती, भरतीचा सगळा जाहीर सोपस्कार पुन्हा करावा लागतो हा मुद्दाही तिथे होता. म्हणून कुणीही कितीही रक्कम लिहून घ्यावी असं नाही. त्याच कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईचीच भाषा करतं. परदेशी पाठवून मशिनचं खास प्रशिक्षण दिलं असेल तर खर्चाच्या प्रमाणात बाँड समजू शकतो. दोन दिवसांच्या इंडक्शनला लाखाचा बाँड म्हणजे दादागिरी. मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

एंगेजमेंटच्या बाजूने विचाराल तर बाँड माणसाचं शरीर थांबवतो. बाँड संपायची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

आमच्या सगळ्यांत चांगल्या सेल्समनला मॅनेजर केलं आणि दोन्ही गेलं. असं का?

कारण बढती बक्षीस म्हणून दिली. अमेरिकन कंपन्यांतल्या विक्री विभागांवरचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास हेच सांगतो : जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल असतो आणि अशा मॅनेजरांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी तुलनेने घसरते.

उपाय म्हणजे दोन शिड्या. एक माणसं सांभाळणाऱ्यांची, दुसरी कामात निष्णात होणाऱ्यांची. दोन्हींवर पगार सारखाच चढला पाहिजे. आयटी कंपन्यांत आर्किटेक्ट वगैरे पदं असतात ती याचसाठी. कारखान्यात मात्र उत्तम टूल अँड डाय मेकरला सुपरवायझर केल्याशिवाय जास्त पैसे देताच येत नाहीत, असा समज घट्ट बसला आहे. कुणी केला हा नियम?

वाढीबद्दल माणसाशी बोलायचं तरी काय? आमचे सुपरवायझर तांत्रिक आहेत, बोलके नाहीत.

पहिली गोष्ट, हे बोलणं अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या, बैठकीत करू नका. तिथे दोघांच्याही डोक्यात पगारवाढीचे टक्के असतात. वेगळा दिवस घ्या आणि फॉर्म घेऊन बसू नका.

महाप्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स युनिटमध्ये चहाच्या सुट्टीत झालेलं संभाषण माझ्या समोरचं आहे. लाइन सुपरवायझर पंचविशीतला, टेस्टिंगवरच्या ताई चाळिशीच्या.

"ताई, अजून दोन वर्षांनी तुम्हाला काय काम करायला आवडेल?"

ताईंचा कप हातातच राहिला. "का सर? माझं काही चुकलं का? लाइनवरून काढणार का मला?"

"नाही हो. विचारतोय फक्त."

"असं कोण विचारतं उगीच."

बिचारा गप्प झाला. मग त्याला सुचलं. "बरं, ते जाऊ द्या. परवा रिवर्कचा बोर्ड आला तेव्हा मीटर लावायच्या आधीच तुम्ही कपॅसिटर गेलाय म्हणालात. ते कसं कळलं?"

"वासावरून. आमच्या ह्यांचं रिपेरिंगचं दुकान आहे ना कळव्याला. रविवारी मीच बसते."

चार वर्षं त्या बाई 'पास' आणि 'फेल'ची बटणं दाबत होत्या, आणि युनिटला रिवर्कसाठी, म्हणजे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायला, माणूस मिळत नाही म्हणून दोनदा जाहिरात दिली गेली होती.

तेव्हा 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' असले मुलाखतीतले प्रश्न विचारू नका. नुकतं केलेलं एखादं काम धरा आणि ते कसं जमलं ते विचारा. कोणतं काम आलं की दिवस पटकन जातो, कोणतं कंटाळवाणं वाटतं, दुसऱ्या कुणाचं काम बघून हेवा वाटतो का, एवढं पुष्कळ झालं. आणि बोलण्यातून निघालेली एक गोष्ट पंधरा दिवसांत करून दाखवा. करता येणार नसेल तर का नाही ते सांगा. सुपरवायझर बोलका नसला तरी चालतो. विसरभोळा असला तर चालत नाही.

सगळ्यांनाच वाढ हवी असते का?

नसते. घरी आजारी आई आहे, मुलगी दहावीला आहे, एवढ्यात नवीन जबाबदारी नको, असं सांगणारा माणूस कामचुकार नव्हे. त्याला 'ॲम्बिशन नाही' असा शिक्का मारू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आमची निम्मी माणसं बदलापूर-टिटवाळ्याहून येतात. ती शिकणार कधी?

कामाच्या वेळेत. दुसरं उत्तर नाही.

पहाटे डबा करून निघालेली बाई, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरसाठी नऊ-दहा नंबरवर धावणारी, संध्याकाळी तीच कसरत उलट्या दिशेने करणारी. तिला सहा वाजता 'लर्निंग सेशन'ला थांबवलं तर ती शरीराने बसते आणि डोळे घड्याळावर असतात. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून बाइक काढणाऱ्याचंही तेच. कान यांची तिसरी अट ती हीच : अंगात त्राण उरलेलं असणं. आपल्याकडचे रस्ते आणि लोकल ते आधीच वसूल करून घेतात.

आणि मग काय होतं? जवळ राहणारे, बिनलग्नाचे, उशिरापर्यंत थांबू शकणारे शिकतात, तेच दिसतात, त्यांनाच संधी मिळते. कंपनीने भेदभाव ठरवून केला नाही, तरी झाला. बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाईंचंही असंच होतं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. परतल्यावर 'त्यांना जरा हलकं काम द्या' म्हणून प्रेमाने बाजूला केलं जातं. हलकं काम हवंय का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

घरून काम करणारे मागे पडतात का?

पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्यांबाबत ही भीती रास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण त्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. त्याच कंपनीत नंतर १,६१२ जणांवर हायब्रिड पद्धतीचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले : आठवड्यातले दोन दिवस घरून काम केल्याने बढत्यांवर परिणाम दिसला नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. तेव्हा दोन दिवस घरून द्यायला घाबरू नका.

कंत्राटी कामगारांना यात धरायचं का?

एकाच लाइनवर निळा शर्ट कायम कामगाराचा, राखाडी शर्ट कंत्राटी माणसाचा, काम तेच. आणि एंगेजमेंट सर्व्हे फक्त निळ्यांचा. मग स्कोअर कितीही छान येऊ दे, अर्धी लाइन त्यात नाहीच.

कायदेशीर गुंतागुंत आहे, वकिलाला विचारूनच पावलं टाका. पण निदान दोन गोष्टी करता येतात. कायम जागा निघाली की राखाडी शर्टवाल्यांना आधी अर्ज करू द्या, आणि त्यातले वर्षाला किती घेतले हे सगळ्यांना कळू द्या. दुसरी शिकाऊ उमेदवारांची वाट. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालच्या नियमांनुसार तीस किंवा जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि ही मोजणी कंत्राटी माणसं धरून होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलतं. आयटीआयची पोरं स्वस्तात मिळतात म्हणून ही योजना वापरणारे पुष्कळ. वर्षभर झाडू मारून गेलेला शिकाऊ पोरगा बाहेर जाऊन तुमच्या कंपनीची काय जाहिरात करतो, ते त्याच्या बॅचला विचारा.

मी कर्मचारी आहे. कंपनी काहीच करत नाही. मी काय करू?

थोडं आपल्या हातात असतं. २००१ मध्ये संशोधक एमी झेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं की नेमून दिलेलं काम तेच असूनही काहीजण त्याची हद्द स्वतः आखतात : रुग्णाशी बोलतात, नर्सच्या वेळा बघून आपलं काम लावतात, आणि त्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघतात. तुम्हीही शेजारच्या टेबलावरचं एखादं काम मागून घेऊन बघा. फुकट राबायला सांगत नाहीये. चार-सहा महिने करून, त्याची नोंद ठेवून, अप्रेझलला ती पुढे करण्यासाठी.

पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीही आहे. तांत्रिक विषयांना एनपीटीईएल आणि स्वयम् या ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट बघता येतात. फी लागते ती परीक्षा द्यायची असेल तर. कोर्स घेण्याआधी एक गोष्ट करा : तुम्हाला हव्या असलेल्या पदावर बसलेल्या माणसाला विचारा की यातलं तो रोज काय वापरतो. निम्मे कोर्स तिथेच गळतात.

आणि दोन अप्रेझलमध्ये स्पष्ट मागूनही काही हललं नाही, तर बायोडाटा बाहेर काढा. त्यात बेइमानी काही नाही.

हे मोजायचं कसं?

आठ जणांच्या विभागात 'नाव गुप्त राहील' असा सर्व्हे घेऊ नका. अकाउंट्समध्ये चाळिशीच्या वरची, महिला, पाच वर्षं नोकरी झालेली एकच व्यक्ती असते. ती गुप्त राहणार कशी? लोक सगळीकडे 'सहमत'वर टिक करून मोकळे होतात. एक्झिट फॉर्मचंही तेच. 'सोडण्याचं कारण : चांगली संधी, जास्त पगार' हे लिहिणं सुरक्षित असतं, कारण रिलीव्हिंग लेटर अजून हातात यायचं असतं.

त्यापेक्षा जो जाणार नाही असं वाटतं, त्याच्याशी आत्ता बोला : इथे का राहिलात, कशाने सोडावंसं वाटेल? शिवाय दोन आकडे तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत. गेल्या वर्षी भरलेल्या वरच्या जागांपैकी किती आतल्या माणसांनी भरल्या, आणि तीन वर्षांत ज्यांचं काम जराही बदललं नाही असे किती जण आहेत. दुसऱ्या यादीतली नावं वाचताना बहुतेक मालक एखाद्या नावाशी अडखळतात.

आमचा घरचाच धंदा आहे. पुढे माझा मुलगाच बसणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग बाकीच्यांनी कशासाठी जीव लावायचा?

वागळे इस्टेटमध्ये हा प्रश्न दर दुसऱ्या गाळ्यात आहे, पण विचारणारे मालक मोजकेच.

मुलगा बसणार हे कुणाला खटकत नाही. आपल्याकडे ते गृहीतच असतं. खटकतं ते वीस वर्षांच्या प्लांट मॅनेजरला इंजिनीअरिंग करून आलेल्या बाविशीतल्या पोराने पहिल्याच आठवड्यात 'काका, हे सगळं चुकीचं चाललंय' म्हणणं, आणि मालकाने ते हसण्यावारी नेणं. त्या दिवसानंतर मॅनेजर कामावर येतो, सह्या करतो, पण आपणहून काही सुचवत नाही.

म्हणून दोन गोष्टी लवकर ठरवा. मालकी तुमची असली तरी कुठले निर्णय नोकरदार मॅनेजरचे असतील, ते रुपयांत लिहून काढा : अमुक रकमेपर्यंतची खरेदी, अमुक पदापर्यंतची भरती, कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, आणि त्यात मुलानेही हात घालायचा नाही. दुसरं, मुलाची पहिली दोन वर्षं त्या मॅनेजरच्या हाताखाली जाऊ द्या. हजेरी, रजा, कामाचं मूल्यमापन, सगळं मॅनेजरच्या सहीने. मॅनेजरने पहिल्यांदा रजा नाकारली की मुलगा तुमच्याकडे येईल. "त्यांना विचार," एवढंच म्हणायचं.